एक-चौदावर नाव कोणाचं? कृषी कार्ड काढण्याआधी हे बघा

गोव्यात शेतीचं अनुदान मागायला गेलात की विभागीय कृषी कार्यालयात पहिला प्रश्न येतो, 'कृषी कार्ड आहे?' म्हणजे कृषी खात्याचं शेतकरी ओळखपत्र. काजूचा आधारभूत दर असो, पॉवर टिलर असो की पुरात गेलेल्या भाताची भरपाई, वाट या कार्डावरूनच जाते. अर्ज आपापल्या तालुक्याच्या कार्यालयात करायचा, सत्तरीकरांनी वाळपईला.

कागद तसे मोजकेच. एक-चौदाचा (मालक आणि कूळ यांची नावं असलेल्या जमीन नोंदीचा) ताजा उतारा, आधार, फोटो, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. जमीन सामायिक किंवा दुसऱ्याची असेल तर मालकाचं किंवा सहहिस्सेदारांचं ना हरकत पत्र. बाकी सगळं एका सकाळीत जमतं, गाडी अडते ती उताऱ्यावर.

आमच्या वाड्यावरचा एक उतारा बघा. मालकाच्या रकान्यात भाटकार (जमीनदार), कुळाच्या रकान्यात पणजोबा. पणजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली. वारस चौदा, त्यातले दोघे मुंबईला, एक पोर्तुगालात. वायंगण (उन्हाळी भातशेती) करतो एकटा धाकटा नातू, आणि कागदावर नेमका तोच नाही. गोव्याच्या कूळ कायद्याच्या 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ कसत्या जमिनीचं मालक मानलं गेलं खरं, पण मामलेदाराकडून खरेदीचा दाखला घेऊन नोंद बदलायचं काम अनेक घरांनी मागे ठेवलं. म्हणून लाभ कसणाऱ्याला मिळतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मिळतो तो कागद असलेल्याला. अशा घरांनी वारस नोंदीचं काम लगेच हाती घ्यावं आणि तोवर हिस्सेदारांच्या सह्या गोळा कराव्यात. चतुर्थीला सगळे घरी येतात. आरती झाली की कागद पुढे करा, पत्त्यांचा डाव मांडायच्या आधी.

कार्ड म्हणजे मालकी हक्काचा पुरावा नव्हे, हे भाटकारालाही समजावून सांगा. पुष्कळजण त्याच भीतीने सही देत नाहीत.

पीएम किसानचं गणित वेगळं. वर्षाला 6000 रुपये, 2000 च्या तीन हप्त्यांत, आणि तेही जमीन नावावर असलेल्या कुटुंबालाच. नवरा, बायको, अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब. 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन विकत घेतली असेल तर चालत नाही, वारशाने आली असेल तर चालते. आयकर भरणारे आणि महिना 10,000 किंवा जास्त पेन्शन घेणारे (शिपाई वर्ग सोडून) बाद. ई-केवायसी राहिली की हप्ता अडकतो.

अवजारांच्या बाबतीत घाई नको. आधी अर्ज, मग मंजुरी, मग खरेदी. सवलत चाललीय म्हणून यंत्र आधी घरी आणलं आणि बिल घेऊन धावलात, तर बहुधा हात हलवत परत याल.

आधारभूत किमतीत सरकार फरक देतं. 2023 साली काजूबियांचा दर किलोला 150 रुपये ठरला. बाजारात 120 मिळाले तर वरचे 30 खात्यात. पण माल नोंदणीकृत संस्थेला किंवा व्यापाऱ्याला घातलेला हवा आणि बिल कार्डधारकाच्या नावाचं हवं. बिलावर आजोबा, कार्डावर वडील, पासबुकावर मुलगा असा संसार असला की फाईल परत येते. दारात टेम्पो घेऊन येणाऱ्याला रोखीने बी दिली तर फरक विसरा.

आणि बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. मशीनमधून निघालेल्या त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं पावसाळा सरेपर्यंत उडालेली असतात.