स्वयंचलित लॉगिन (घरगुती संगणकावरील)

संगणक सुरू केल्यावर वापरकर्त्याचे नाव निवडण्याची किंवा पासवर्ड टाकण्याची पायरी न येता थेट ठरावीक खात्याचा डेस्कटॉप उघडण्याची व्यवस्था. हिला ऑटो-लॉगिन, ऑटोलॉगऑन किंवा स्वयंप्रवेश असेही म्हणतात. खात्याला पासवर्डच नसणे आणि पासवर्ड असूनही तो विचारला न जाणे या दोन भिन्न स्थिती आहेत. बोलताना दोन्हींना सर्रास एकच नाव दिले जाते. प्रस्तुत नोंदीत दुसरी स्थिती अभिप्रेत आहे. पहिलीचा उल्लेख तुलनेपुरता येईल.

संज्ञा : लॉगिन या शब्दातील 'लॉग' मुळात जहाजाचा. दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात सोडून गलबताचा वेग मोजत व तो ज्या वहीत लिहीत तिला लॉगबुक म्हणत. पुढे कोणत्याही कालक्रमाने ठेवलेल्या नोंदीला हा शब्द लागू झाला. संगणकाच्या संदर्भात तो रूढ झाला तेव्हा यंत्राचा वेळ महाग होता. कोण केव्हा बसले व केव्हा उठले याचा हिशेब ठेवणे हे त्यामागचे व्यावहारिक कारण. मराठी विकिपीडियावर यासाठी 'सनोंद प्रवेश' हा प्रतिशब्द वापरला जातो. तो काहीसा बोजड असला तरी 'लॉग' म्हणजे नोंद हा मूळ अर्थ त्यात टिकला आहे. नुसत्या 'प्रवेश' या पर्यायात तो हरवतो. पासवर्डसाठीचा 'परवलीचा शब्द' पहाऱ्यावरील शिपायांच्या वापरातला असल्याने अधिक नेमका बसतो. घरात मात्र हे दोन्ही शब्द क्वचितच ऐकू येतात. 'पासवर्ड मागून राहिला' हीच नागपुरी तक्रार.

इतिहास : संगणकावरील पासवर्डचा पहिला वापर सामान्यतः मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील सीटीएसएस (कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम) या प्रणालीशी जोडला जातो. तिचे पहिले प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये आयबीएम ७०९ या यंत्रावर झाले व तिचे श्रेय प्रामुख्याने फर्नांडो कोर्बाटो यांना दिले जाते. एकाच यंत्रावर अनेक जण स्वतंत्र दूरटंकांवरून (टर्मिनलांवरून) काम करत, प्रत्येकाच्या फायली वेगळ्या असत. म्हणून प्रत्येकाला खासगी कुलूप हवे होते. विमान आरक्षणासाठी आयबीएमने उभारलेल्या सेबर प्रणालीत पासवर्ड याहून आधी असावा, असेही एक मत आहे व ती शक्यता खुद्द कोर्बाटो यांनी नाकारली नव्हती. तथापि वैयक्तिक फायलींच्या रक्षणासाठी पासवर्ड, या आजच्या अर्थाने पाहता सीटीएसएसकडे झुकणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

पासवर्ड फोडण्याची घटनाही फार मागे नाही. १९६२ च्या सुमारास अ‍ॅलन शेर या संशोधकाला मिळणारा यंत्रवेळ अपुरा पडू लागला, तेव्हा त्याने पासवर्डांची संपूर्ण फाइल छापून घेतली व इतरांच्या नावाने काम केले. पुढे त्याच दशकात दोन तात्पुरत्या फायलींची अदलाबदल होऊन प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसले. हा प्रसंग कोर्बाटो यांनी स्वतः नंतर सांगितला आहे. दोन्ही प्रसंगांत पासवर्ड जसाच्या तसा, वाचता येईल अशा रूपात साठवलेला होता. युनिक्स या कार्यप्रणालीत तो एकमार्गी गणिती रूपांतर करून (म्हणजे साठवलेल्या रूपावरून मूळ शब्द परत काढता येणार नाही असा) ठेवण्याची पद्धत आली. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी १९७९ च्या लेखात तिची मीमांसा केली असून प्रत्येक पासवर्डात १२ बिटांचे यादृच्छिक 'मीठ' (सारखे पासवर्डही साठवताना वेगळे दिसावेत म्हणून घातलेला आकडा) मिसळण्याचा उपायही त्यात वर्णिला आहे. हा तपशील येथे देण्याचे कारण असे, की स्वयंचलित लॉगिनचा एक प्रकार नेमकी ही प्रगती उलटी फिरवतो (खाली पाहा).

घरगुती संगणकांत ही परंपरा उशिरा व अर्धवट पोचली. सुरुवातीच्या वैयक्तिक संगणकांत वापरकर्ता एकच गृहीत धरलेला होता, त्यामुळे लॉगिनच नव्हते. विंडोज ९५ मध्ये पासवर्डाची चौकट येई, पण 'कॅन्सल' दाबले की डेस्कटॉप समोर! ती चौकट मुख्यतः नेटवर्कवरील सोयींसाठी होती. खरी बंधनकारक तपासणी १९९३ च्या विंडोज एनटीपासूनची. तीत कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबूनच प्रवेश सुरू होई. हे तीन कळांचे संयोजन आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी मूळ पीसी पुन्हा सुरू करण्यासाठी योजले होते. २००१ मध्ये विंडोज एक्सपीने एनटीचा गाभा घरात आणला व लॉगिनची पायरी घरोघरी आली. ती टाळण्याची गरजही तेव्हापासूनची.

कार्यपद्धती : स्वयंचलित लॉगिनचे दोन प्रकार पाडणे सोयीचे ठरते : पासवर्ड साठवून केलेले व पासवर्ड वगळून केलेले.

विंडोजमधील पद्धत पहिल्या प्रकारची. रजिस्ट्रीतील (विंडोज आपल्या मांडण्या जेथे साठवते त्या कोठारातील) विनलॉगऑन या शाखेत ऑटोअ‍ॅडमिनलॉगऑन या नोंदीचे मूल्य १ असते आणि डिफॉल्टयुजरनेम व डिफॉल्टपासवर्ड या नोंदींत नाव व पासवर्ड असतो. हाताने भरल्यास पासवर्ड साध्या मजकुरात राहतो. रजिस्ट्री वाचता येणाऱ्या कोणालाही तो दिसतो. नेटपीएलविझ ही खिडकी किंवा सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचातील ऑटोलॉगऑन हे छोटे साधन वापरल्यास तो एलएसए सिक्रेट (विंडोजच्या सुरक्षा-विभागाची राखीव नोंद) म्हणून कूटबद्ध होतो. मात्र ही कूटबद्धता उलगडण्याची किल्ली त्याच यंत्रात असल्याने प्रशासकीय अधिकार असलेल्याला तो परत मिळवता येतो. म्हणजे ज्या साठवणुकीतून १९७० च्या दशकातच सुटका करून घेतली गेली, तीच येथे सोयीपोटी परत येते. डिफॉल्टपासवर्ड रिकामा ठेवल्यास विंडोज ऑटोअ‍ॅडमिनलॉगऑनचे मूल्य आपणहून ० करते, ही एक गंमत.

लिनक्समध्ये बहुधा दुसरा प्रकार आढळतो. प्रवेशपडदा दाखवणारा कार्यक्रम (डिस्प्ले मॅनेजर) सर्वोच्च (रूट) अधिकारांनिशी चालत असल्याने तो पासवर्ड न विचारता सत्र सुरू करू शकतो. त्याला पासवर्ड ठाऊक असण्याची गरज नसते. जीडीएम व लाइटडीएम हे असे दोन कार्यक्रम. जीडीएमच्या संरचना-फाइलीत ऑटोमॅटिकलॉगिनएनेबल व ऑटोमॅटिकलॉगिन या दोन ओळी, लाइटडीएममध्ये ऑटोलॉगिन-युजर ही ओळ लिहिली की काम होते. याची किंमत वेगळी आहे. पासवर्ड टाकलाच न गेल्याने त्यावर उघडणारा किल्ल्यांचा जुडगा (कीरिंग, म्हणजे इतर पासवर्डांची कुलूपबंद साठवण) बंद राहतो आणि ब्राउझर किंवा वायफाय सुरू होताच पासवर्डाची चौकट पुन्हा समोर येते. यावर जुडग्याचा पासवर्ड रिकामा करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने आतील सर्व पासवर्ड डिस्कवर उघडे पडतात, म्हणून तो टाळणे बरे.

मॅकओएस पहिल्या प्रकारात मोडते. पासवर्ड केसीपासवर्ड नावाच्या फाइलीत ११ बाइटांच्या ठरलेल्या किल्लीने केवळ झाकून ठेवलेला असतो. किल्ली सर्व यंत्रांत एकच व सर्वज्ञात असल्याने याला कूटबद्धता म्हणणे धाडसाचे. संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणारी फाइलव्हॉल्ट ही सोय चालू असल्यास स्वयंचलित लॉगिन बंद होते, कारण डिस्क उघडण्यासाठीच पासवर्ड लागतो.

मांडणी व मर्यादा : विंडोजमध्ये रन चौकटीत नेटपीएलविझ लिहून उघडणाऱ्या खिडकीतील 'वापरकर्त्याने नाव व पासवर्ड देणे आवश्यक' या आशयाच्या वाक्यापुढची खूण काढतात व पासवर्ड दोनदा भरतात. विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या (हे वर्ष नव्हे) आवृत्तीपासून काही यंत्रांवर ही खूण दिसत नाही. तेथे साइन-इनच्या पर्यायांत मायक्रोसॉफ्ट खात्यांसाठी फक्त विंडोज हॅलो (पिन, चेहरा किंवा बोटाचा ठसा यांवरून प्रवेश) सक्तीचे करणारे बटण आधी बंद करावे लागते. येथे पिन नव्हे, खात्याचा पूर्ण पासवर्ड भरायचा असतो. बहुतेकांचा घोटाळा येथेच होतो. पुढे खात्याचा पासवर्ड बदलला तर साठवलेली प्रत आपोआप बदलत नाही व पुढच्या वेळी प्रवेश फसतो. शिवाय ही सोय संगणक नव्याने सुरू होतानाच लागू पडते. झोपेतून (स्लीप) उठताना पासवर्ड मागावा की नाही, ही मांडणी वेगळी आहे.

पासवर्डच काढून टाकणे हा मार्ग सोपा वाटतो व एकाच खात्याच्या यंत्रावर त्याचा दृश्य परिणामही तोच असतो. एक्सपीपासून विंडोज रिकाम्या पासवर्डाच्या स्थानिक खात्याला नेटवर्कवरून आत येऊ देत नाही, ही त्याची जमेची बाजू. परंतु घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून फायली पाहायच्या असल्यास तेच आडवे येते. भक्कम पासवर्ड ठेवून स्वयंचलित लॉगिन करणे हा पर्याय अशा घरांत उजवा ठरतो.

देवनागरी कळफलकाचा प्रश्न : मराठी वापरकर्त्यांपुरता एक अडथळा इंग्रजी संदर्भग्रंथांत सहसा येत नाही. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत अक्षर मराठी दिसले तरी प्रवेशपडद्यावरचा कळफलक इंग्रजीच असे; फाँटाची करामत आत गेल्यानंतरची. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीला आधार मिळाला. भारतीय मानक १३१९४ : १९९१ मध्ये दिलेला इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कळफलक-आराखडा प्रणालीच्या कळफलकांत आल्याने तो प्रवेशपडद्यावरही चालू असू शकतो. तेव्हा टंकलेला इंग्रजी पासवर्ड देवनागरी अक्षरे होऊन जातो, पडद्यावर मात्र ठिपकेच दिसतात, आणि पासवर्ड विसरल्याचा समज होतो. कोपऱ्यातील भाषेचे चिन्ह पाहणे किंवा चौकटीतील डोळ्याचे बटण दाबून अक्षरे उघडी करणे एवढाच उपाय असतो. मराठीत लिहिणाऱ्या ज्येष्ठांच्या संगणकावर स्वयंचलित लॉगिन बसवण्यामागे हे एक खरे कारण आहे. केवळ आळस म्हणून त्याची बोळवण करू नये.

नागपुरातील संदर्भ : महालातील वाडा असो की प्रतापनगर, मनीषनगरसारखी वसाहत, बैठकीत ठेवलेला एकच डेस्कटॉप आजोबांपासून नातवापर्यंत सगळे वापरतात. आजोबांना पेन्शनचे कागद पाहायचे असतात, नातवाला प्रवेश-अर्ज भरायचा असतो. खाते एक, नाव बहुधा ज्याने यंत्र घेतले त्याचे. मूळ संकल्पनेत लॉगिन हे 'कोण बसले' याची नोंद होते. येथे ते तसे राहत नाही.

वीजपुरवठा हे दुसरे कारण. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रभर भारनियमन होते. आजही मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला व घरोघरी कूलर लागले की, किंवा मृगाच्या वादळात, वीज जाते-येते. यूपीएस काही मिनिटे तग धरतो. काही मदरबोर्डांत वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू करण्याचा पर्याय बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ मांडणीत) असतो. त्याला स्वयंचलित लॉगिनची जोड दिली तर कॅमेऱ्यांचे चित्रण किंवा बाहेरगावाहून जोडणी यांसारखी कामे घरात कोणी नसताना पुन्हा सुरू होतात. मात्र ज्याच्या हाती यंत्राचे बटण, त्याच्या हाती खाते, हा नियमही तेव्हाच लागू होतो.

याचा प्रत्यय दुरुस्तीच्या वेळी येतो. सीताबर्डीच्या दुकानात ठेवलेला सीपीयू तेथे चालू केला की घरचाच डेस्कटॉप उघडतो : ईमेल, ब्राउझरने लक्षात ठेवलेले बँकेचे पासवर्ड, सगळे. विंडोजची डिस्क कूटबद्ध करणारी बिटलॉकर ही सोयही येथे उपयोगी पडेल असे नाही, कारण केवळ टीपीएमवर (यंत्रातच बसवलेल्या, किल्ली सांभाळणाऱ्या चिपवर) बांधलेले बिटलॉकर संपूर्ण यंत्र सोबत असल्यास काहीही न विचारता उघडते. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सीनुसार गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आले.

यंत्र बाहेर देण्यापूर्वी नेटपीएलविझमधील खूण परत लावतात व रजिस्ट्रीत डिफॉल्टपासवर्ड शिल्लक असल्यास ती नोंद पुसतात. एकदाच, तात्पुरते टाळायचे असल्यास विंडोज सुरू होताना शिफ्ट दाबून धरली की प्रवेशपडदा येतो.