मालतीमाधवातील वात्सल्य-करुण

भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ या दहा अंकी प्रकरणात (कल्पित कथानकाच्या नाटकात) वृद्ध बौद्ध परिव्राजिका कामंदकी हिच्याविषयी प्रेक्षकाच्या मनात उत्पन्न होणारा करुणभाव. नाटकाचा काळ स्थूलमानाने इ. स. आठव्या शतकाचा पूर्वार्ध; कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रितांत राजतरंगिणी भवभूतीचा उल्लेख करते, त्यावरून हे अनुमान.

कामंदकी मालतीच्या रक्ताच्या नात्यातली नाही. मालतीचा पिता भूरिवसू व माधवाचा पिता देवरात हे विद्यार्थिदशेतील तिचे सोबती. आपल्या मुलांचा विवाह करण्याची त्यांची प्रतिज्ञा तिच्यासमक्ष झाली. पुढे राजाने मर्जीतील नंदनासाठी मालतीला मागणी घातली, तेव्हा ‘स्वतःच्या कन्येवर महाराजांचा अधिकार आहेच’ असे मोघम उत्तर देऊन अमात्य भूरिवसू मोकळा झाला. जोखीम भिक्षेवर राहणाऱ्या म्हातारीच्या गळ्यात पडली. माझ्या प्राणांनी वा तपाने मित्राचे काम होत असेल तर झालेच म्हणून समज, असे ती पहिल्या अंकात शिष्येला सांगते. तिची पुढची कारस्थाने या वचनाच्या उजेडात वाचली, तर तिला निव्वळ दूती ठरवणे अन्यायाचे वाटते.

कपालकुंडला या कापालिक योगिनीने मालतीला पळवल्यावर दहाव्या अंकात कामंदकी विलाप करते आणि कड्यावरून देह टाकायला निघते. तान्ह्या मालतीचे कारण नसता रडणे-हसणे, कळ्यांसारखे चार दात, अडखळते बोबडे बोल तिला आठवतात. ‘अनियतरुदितस्मितम्’ हा श्लोक उत्तररामचरिताच्या चौथ्या अंकात सीतेला आठवणाऱ्या जनकाच्या तोंडीही आहे. संन्यासिनी आणि पिता यांना कवीने एकच श्लोक द्यावा, हे पुरेसे बोलके आहे. मालती शेवटी परत येते म्हणून येथे खरा करुण नाही, असा आक्षेप संभवतो. भरताच्या मते करुण निरपेक्ष, म्हणजे पुनर्भेटीची आशा नसलेला, तर विप्रलंभ (विरहातील शृंगार) सापेक्ष, म्हणजे ती आशा असलेला. परंतु त्या घटकेला कामंदकीला कसलीच आशा उरलेली नाही. त्यामुळे करुण मानणेच युक्त. ‘वत्सल’ हा स्वतंत्र रस भरताच्या आठांत नाही. चौदाव्या शतकात विश्वनाथाने तो साहित्यदर्पणात स्वीकारला.

कथास्थळ पद्मावती. नवव्या अंकाच्या आरंभी कामंदकीची पूर्वीची शिष्या सौदामिनी आकाशमार्गाने येताना सिंधू व पारा यांच्या वेढ्यातील ही नगरी, सिंधूचा धबधबा, लवणा नदी आणि मधुमती-सिंधू संगमावरील सुवर्णबिंदू शिव यांचे वर्णन करते. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने पद्मावती म्हणजे नरवर मानले. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मो. बा. गर्दे यांनी मात्र ग्वाल्हेरच्या दक्षिणेस डबऱ्याजवळील पवाया हे स्थान पुढे केले (भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, वार्षिक अहवाल 1915–16). सिंध व पार्वती (नाटकातील सिंधू व पारा) यांचा संगम तेथे आहे; महुअर म्हणजे मधुमती आणि नून म्हणजे लवणा, हेही जुळते. नाग राजांची नाणी आणि शिवनंदीच्या कारकिर्दीतील कोरीव लेखाची मणिभद्र यक्षमूर्ती पवायाला मिळाली; मूर्ती ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयात आहे. आता पवायाच बहुधा मान्य आहे. नाटकाचा प्रयोग ज्याच्या यात्रेत झाला तो देव कालप्रियनाथ कोणता, हा वाद मात्र मिटलेला नाही: काही उज्जैनचा महाकाल मानतात, तर वा. वि. मिराशी काल्पीचे सूर्यमंदिर. दुसरा पक्ष अधिक संभाव्य दिसतो. कवीचे मूळ गाव पद्मपूर विदर्भातले; त्याची पद्मावतीशी गल्लत करू नये.

रा. गो. भांडारकरांनी जगद्धराच्या टीकेसह नाटकाची आवृत्ती 1876 मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत काढली. मराठी भाषांतर कृष्णशास्त्री राजवाडे यांचे आहे.