कळशी, कुजबुज आणि सुभद्रेचा गळा

संगीत नाटकांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "तेव्हा पुरुषच बायकांची कामं करायचे, पातळ आवाज काढून." यातल्या 'पातळ आवाज काढून'वर माझा आक्षेप आहे. तेवढ्यानं बाई उभी राहत असती, तर शाळेच्या स्नेहसंमेलनात साडी नेसलेल्या मुलानं तोंड उघडताच हशा पिकला नसता.

१८८२ साली किर्लोस्कर मंडळींचं 'सौभद्र' रंगमंचावर आलं. त्यात सुभद्रा झालेले भाऊराव कोल्हटकर तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, म्हणजे कंठ फुटून गेलेला. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे मुलाचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १५० वेळा थरथरतात, बाईचे २०० च्या आसपास. फरक एवढाच असता, तर पट्टी चढवली की काम झालं.

पण घरी पाहुणे आले की एक गंमत करून बघा. एका पुरुषाला आणि एका बाईला दाराआडून कुजबुजायला सांगा. कुजबुजताना स्वरतंतू थरथरतच नाहीत, त्यामुळे पट्टी नावाची गोष्टच उरत नाही. तरी पुरुष कोण आणि बाई कोण, हे बहुतेक वेळा कळतंच. कशावरून?

नळाखाली कळशी भरताना तिचा आवाज चढत जातो. पाठ फिरवून भांडी घासणाऱ्यालाही कळतं, की आता भरत आली. पाणी वर येतं, आतला हवेचा स्तंभ आखूड होतो आणि आखूड स्तंभ उंच सुरात घुमतो. आपल्या स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतचा मार्गही असाच, एका टोकाला जवळजवळ बंद असलेली नळी. पुरुषात ती साडेसतरा सेंटीमीटर धरू, बाईत साडेचौदा. अशी नळी स्वतःच्या चौपट लांबीच्या ध्वनिलहरीला आणि मग तिच्या तिप्पट, पाचपट वारंवारतेला घुमते. आतल्या उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर पुरुषाची नळी ५००, १५००, २५०० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला तितक्या थरथरींना) घुमेल, बाईची सुमारे ६००, १८००, ३००० ला. जीभ आणि ओठ हलले की हे आकडे सरकतात, त्यातूनच 'आ'चा 'ई' होतो, पण वीसेक टक्क्यांचा फरक मागे राहतोच. कान तो टिपतो. पट्टी चढवली तरी नळी तेवढीच राहते. म्हणून साडीतला मुलगा मुलगाच वाटतो.

मग सुभद्रा? इथं मला या विषयाचं वेड लागतं. गळ्यातून एकच सूर निघत नाही. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर सोबत निघतात. १२५ हर्ट्झवर बोलणाऱ्या माणसाचे उपस्वर दर १२५ हर्ट्झला, दाटीवाटीनं. त्या दाटीतून नळीचा सगळा आकार कानाला वाचता येतो. आता पेटीच्या काळी चारचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा घ्या, सुमारे ४१५ हर्ट्झ. उपस्वर ४१५, ८३०, १२४५... मधे मोठाल्या फटी. नळी ५०० ला घुमते की ६०० ला, हे सांगायला तिथं उपस्वरच नाही! थोडक्यात, वरच्या पट्टीत गाताना नळीची लांबी बरीच झाकली जाते आणि बोलताना उघडी पडते. म्हणून माझ्या मते स्त्रीपार्टी नटाची खरी परीक्षा पदात नसून गद्यात होती. तिथं ओठ किंचित हसरे ठेवून आणि स्वरयंत्र जरा वर उचलून नळी थोडी आखूड करता येते. बाकीचं काम हेल आणि लय करतात.

गळा गोड राहावा म्हणून अमुक काढा, तमुक चाटण सांगणारे आजही भेटतात. गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते आणि गिळताना स्वरयंत्राचं दार बंद असतं. स्वरतंतूंना चाटण लागलंच, तर ठसका लागेल, गोडवा येणार नाही.

रंगमंचाबाहेर नळीचं हेच गणित उलट बाजूनं सोडवावं लागलं ते डॉ. जेम्स बॅरींना. ब्रिटिश लष्करात हा डॉक्टर रुग्णालयांच्या इन्स्पेक्टर जनरल पदापर्यंत चढला. १८२६ साली केपटाऊनला त्यांनी केलेल्या सिझेरियनमध्ये आई आणि बाळ दोघंही जगले. १८६५ मध्ये बॅरी वारले आणि मगच बाहेर आलं, की जन्माच्या वेळी त्यांचं नाव मार्गारेट होतं. त्यांचा आवाज चिरका असल्याचं बरोबरचे लोक सांगत. आखूड नळी फारशी लांब करता येत नाही, वयात येताना चुकलेला टेस्टोस्टेरॉन नंतर मिळत नव्हता. उरला गणवेश, हुद्दा आणि तापट स्वभाव. ऐकणाऱ्यांनी कानापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवला.

भाऊराव पुढे पुरुषभूमिकांकडे वळले. १८९९ च्या 'शारदे'त ते कोदंड होते. १९०१ साली ते गेले आणि ग्रामोफोन कंपनीचं ध्वनिमुद्रण भारतात सुरू झालं १९०२ मध्ये. त्यांच्या उपस्वरांमधल्या फटी मोजायची माझी फार इच्छा आहे, पण मोजायला तबकडीच नाही.