चढ पन्हाळ्याचा, माप आपल्या पायाचे

सायकल आपल्या अंगासारखी करून घ्यायची म्हटली की बहुतेकांची नजर आधी हलक्या फ्रेमवर किंवा महागड्या टायरांवर जाते. वास्तविक स्वाराचे शरीर सायकलीला सीट, पॅडल आणि हँडल या तीनच ठिकाणी टेकते, आणि त्यांतही सीटची उंची चुकली तर पुढची सगळी जुळवाजुळव वाया जाते.

पॅडल अगदी खाली असताना गुडघा पूर्ण ताठ न होता साधारण 25 ते 35 अंशांत वाकलेला राहावा, असा संकेत आहे. सीट खाली राहिली तर गुडघा प्रत्येक फेरीत जास्त वाकतो, वाटीच्या मागे दाब वाढतो आणि गुडघा पुढच्या बाजूने दुखू लागतो. ती फार वर गेली तर पाय पुरवण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि दुखणे गुडघ्याच्या मागे सरकते. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तीनदा जिंकणारे ग्रेग लेमाँड यांच्या नावाने प्रचलित असलेल्या सूत्रानुसार, अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंत घेतलेल्या मापाला 0.883 ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे क्रँक (पॅडल जोडलेली दांडी) ज्या आसाभोवती फिरतो, त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर. 80 सेंटिमीटर मापासाठी ते सुमारे 70.6 सेंटिमीटर येते. अर्थात ही केवळ सुरुवात झाली, कारण पातळ तळाचे पायताण घालणाऱ्याला आणि जाड तळाचे बूट घालणाऱ्याला एकच उंची सोसणार नाही.

कोल्हापुरात रंकाळा तलावाभोवती फिरताना गिअरचा विचार फारसा करावा लागत नाही, पण वाघबीळ ओलांडून पन्हाळ्याच्या वाटेला लागले की तोच मुख्य प्रश्न होतो. जुन्या पद्धतीच्या साध्या सायकलीला पुढे 44 आणि मागे 18 दाते असतील, तर पॅडलच्या एका फेरीत, चाकाचा घेर 2.2 मीटर धरून, ती सुमारे 5.4 मीटर पुढे जाते. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो वजन आणि शंभर मीटरला सहा मीटर चढ धरला, तर 17 सेंटिमीटरच्या क्रँकवर फेरीभर सरासरी 27 किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. प्रत्यक्षात पॅडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना जोर जवळजवळ लागतच नसल्याने मधल्या क्षणी तो बराच वाढतो. मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचे दातेरी चक्र, बसवले की हीच सरासरी 22 किलोंवर येते, आणि पुढे 28, मागे 28 अशी जोडी असलेल्या गिअरच्या सायकलीवर ती 11 किलोंच्या आसपास राहते. श्रम यांतून वाचत नाहीत. साधारण 120 वॅट शक्ती सातत्याने देऊ शकणारा माणूस तिन्हींवर ताशी आठेक किलोमीटर वेगानेच चढेल; फरक इतकाच, की पहिल्या सायकलीवर पाय मिनिटाला 25 फेऱ्या कसेबसे ओढतील आणि शेवटच्या सायकलीवर साठाच्या पुढे सहज फिरतील. गुडघ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. माझ्या मते चढावर जाणाऱ्याने पहिला खर्च मागच्या दात्यांवरच करावा.

क्रँक 165 ते 175 मिलिमीटर लांबीचे सहज मिळतात. बुटक्या स्वाराला आखूड क्रँक मानवतो, मात्र तो जितका आखूड होईल तितकी सीट वर घ्यावी लागते. सीटची रुंदी बसण्याच्या दोन हाडांमधील अंतरावरून ठरवावी, गादीच्या मऊपणावरून नव्हे, कारण फार मऊ गादीत हाडे रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. हँडल धरताना कोपर किंचित वाकलेले राहिले, म्हणजे अंतर ठीक आहे असे समजावे.

सीटचा दांडा बदलताना मात्र घाई नको. हे दांडे 26.8, 27, 27.2 असे 0.2 मिलिमीटरच्या फरकाने मिळतात, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कोणालाही या फरकाचे मोल समजावून सांगावे लागणार नाही: बारीक दांडा कितीही आवळला तरी हळूहळू खाली घसरतो, तर जाड दांडा ठोकून बसवल्यास फ्रेमच्या नळीला चीर जाते. दांड्यावर कोरलेली मर्यादेची रेघ नळीबाहेर दिसू लागली, तर तेवढ्यावर न भागवता त्याच जाडीचा लांब दांडा घ्यावा.