बॅच फाइलमधील पाथ पॅरामीटर

बॅच फाइल म्हणजे ओळीने चालवायच्या कमांड लिहून ठेवलेली मजकूर फाइल. ती चालवताना तिच्या नावापुढे दिलेला फाइलचा किंवा फोल्डरचा पत्ता म्हणजे पाथ पॅरामीटर. विंडोजमधील सीएमडी हा कमांड इंटरप्रिटर, म्हणजे कमांड वाचून अमलात आणणारा प्रोग्राम, पहिला पॅरामीटर %१ मध्ये, दुसरा %२ मध्ये, असे %९ पर्यंत ठेवतो. %० मध्ये खुद्द बॅच फाइल ज्या नावाने बोलावली ते नाव असते. नवव्याच्या पुढचे पॅरामीटर शिफ्ट कमांडने एकेक घर अलीकडे सरकवून वाचावे लागतात.

सीएमडीच्या लेखी पाथ हा नुसता मजकूर असतो आणि बहुतेक चुकांचे मूळ यातच आहे. अवतरणाबाहेर स्पेस, टॅब, स्वल्पविराम, अर्धविराम किंवा बरोबरचे चिन्ह आले की पॅरामीटर संपला असे तो धरतो. त्यामुळे डी:\हिशेब\जमा खर्च.टीएक्सटी हा पाथ तसाच दिल्यास %१ मध्ये डी:\हिशेब\जमा एवढेच येते आणि उरलेला तुकडा %२ मध्ये जातो. दुहेरी अवतरणात दिलेला पाथ अखंड राहतो खरा, पण मग अवतरणचिन्हेही %१ चाच भाग होतात. म्हणून %~१ लिहून बाहेरची चिन्हे काढावीत आणि वापरताना आपण स्वतः "%~१" अशी एकदाच घालावीत, ही सवय सर्वांत भरवशाची.

टिल्डनंतर, म्हणजे ~ या चिन्हानंतर, अक्षर जोडले की पाथचा हवा तो भाग मिळतो: डी म्हणजे ड्राइव्ह, पी म्हणजे फोल्डर, एन म्हणजे नाव, एक्स म्हणजे एक्स्टेन्शन आणि एफ म्हणजे पूर्ण पाथ. हा पूर्ण पाथ चालू फोल्डर धरून रचला जातो. फाइल खरोखर आहे की नाही हे पाहिले जात नाही, त्यासाठी इफ एक्झिस्ट ही अट वेगळी लिहावी लागते.

बॅच फाइलचे स्वतःचे फोल्डर देणारे %~डीपी० विशेष उपयोगी आहे, कारण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवल्यास चालू फोल्डर सहसा विंडोजचे सिस्टम३२ असते. मात्र त्याच्या शेवटी बॅकस्लॅश येतो, आणि तो अवतरणाला चिकटला की फाइलींच्या प्रती करणाऱ्या रोबोकॉपीसारखे प्रोग्राम मिटणारे अवतरण मजकुराचाच भाग समजतात. शेवटी एक टिंब देऊन, म्हणजे "%~डीपी०." असे लिहून, हे टाळता येते.

देवनागरी नावाचा पाथ पॅरामीटर म्हणून आल्यास सीएमडीला अडचण नसते. तोच पाथ बॅच फाइलच्या आत लिहिला तर तो चालू कोड पेजनुसार, म्हणजे बाइट आणि अक्षरे यांची सांगड घालणाऱ्या तक्त्यानुसार, वाचला जातो आणि अक्षरांचा चुथडा होऊ शकतो. त्यासाठी फाइल बीओएमविना (फाइलच्या सुरुवातीच्या खुणेच्या बाइटविना) यूटीएफ-८ या युनिकोड एन्कोडिंगमध्ये जतन करून आरंभी सीएचसीपी ६५००१ ही कोड पेज बदलणारी कमांड द्यावी लागते.