कॅबरे म्हणजे नुसता उत्तान नाच नव्हे

नागपुरात कॅबरे म्हटलं की अजूनही हिंदी सिनेमातला क्लबमधला नाचच डोळ्यांसमोर येतो. हा समज चुकीचा आहे. 1881 साली पॅरिसच्या माँमार्त्र भागात सुरू झालेल्या ‘ल शा न्वार’ या कॅबरेमध्ये कविता, गाणी, राजकीय टोलेबाजी आणि छायानाट्य चालायचं. गाणं आणि प्रेक्षकांशी थेट बोलणं हाच कॅबरेचा गाभा. खडी गंमत हे लोकनाट्य पाहिलेल्या वैदर्भीय माणसाला तो परका वाटू नये.

स्वतः कॅबरे करायचा असेल, तर पहिल्या प्रयोगाला 40 मिनिटं आणि 7 गाणी पुरेत. मधलं निवेदन मिनिटभराचंच, तेही घड्याळ लावून तालमीत म्हणा. बहुतेक प्रयोग तिथेच ढेपाळतात: गाणी पाठ असतात, बोलणं मात्र ‘ऐनवेळी सुचेल’ म्हणून सोडलेलं असतं. प्रेक्षकांत उतरताना माइक स्पीकरसमोर नेऊ नका. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि कर्कश शिट्टी वाजते.