जिंदादिल: एका विशेषणाची पार्श्वभूमी

जिंदादिल हा फारशी समास आहे. जिंदा म्हणजे जिवंत, दिल म्हणजे हृदय. दोन्ही घटक वाटतात तितके परके नाहीत. ‘जिंदा’ हा ‘जीव’च्याच कुळातला. इराणी भाषांत जुन्या ‘र्द’चा पुढे ‘ल’ झाला. म्हणून संस्कृत ‘हृद्’ आणि फारशी ‘दिल’ यांचे मूळ एकच, जसे ‘शरद्’ आणि ‘साल’ यांचे.

फारशीत या शब्दाचा रोख हसण्याखिदळण्यावर नव्हता. सूफी वळणाच्या लेखनात ज्याचे अंतःकरण जागे आहे तो जिंदादिल, आणि ज्याचे विझले आहे तो मुर्दादिल. विनोद आणि मैफलीची छटा उर्दूत ठळक झाली. हैदराबादेतल्या उर्दू विनोदकारांच्या संस्थेचे नावच ‘जिंदादिलान-ए-हैदराबाद’ आहे. आज मराठीत जो अर्थ घेतला जातो, तो या उर्दू छटेच्या जवळचा.

‘दिल’ मात्र मराठीत फार आधीपासून रुळलेला आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या, फारशी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या राज्यव्यवहारकोशाचा रोख दरबारी शब्दांवर होता. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी जुनी पत्रे घेऊन शब्द मोजले, तेव्हा १६२८च्या पत्रात शंभरात जेमतेम चौदा शब्द मराठी निघाले, तर १७२८च्या पत्रात त्र्याण्णव. ही मोजणी मोजक्या पत्रांची आहे, साऱ्या भाषेची नव्हे. पण स्वभाव आणि भावना सांगणारे फारशी शब्द टिकले, आणि मराठीने ते आपल्या सोयीने वाकवले. फारशीत ‘दिलदार’ म्हणजे प्रियकर किंवा प्रेयसी. मराठीत तो सढळ मनाचा माणूस. ‘दिलगीर’ म्हणजे खिन्न. आपली ‘दिलगिरी’ क्षमायाचनेपर्यंत सरकली. ‘मुर्दादिल’ काही मराठीत रुजला नाही. त्याची गरज ‘मुर्दाड’ने भागवली, आणि तोही मूळचा फारशीच.

आता वापर. हे विशेषण लिंगवचनाने बदलत नाही: जिंदादिल माणूस, जिंदादिल बाई, जिंदादिल माणसे. भाववाचक नाम ‘जिंदादिली’ किंवा ‘जिंदादिलपणा’, दोन्ही चालतात. ‘जिंदादिलीपणा’ चूक, कारण ‘-ई’ने नाम झाल्यावर पुन्हा ‘-पणा’ कशाला? उच्चारात ‘जि’ हा ‘जिल्हा’तल्यासारखा तालव्य. हिंदीतला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, मराठी लेखनात नको. अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ लिहायचा, हा नियम काटेकोर लावला तर ‘जिंदादील’ व्हावे. रूढी मात्र ऱ्हस्वाचीच आहे आणि तीच पाळावी.

खरी गफलत अर्थाच्या छटांत होते. उत्साही माणूस कामाला भिडतो, पण तो जिंदादिल असेलच असे नाही. दिलखुलास म्हणजे मोकळ्या मनाचा. हा शब्द हसण्याला, गप्पांना, मुलाखतीलाही लागतो. ‘जिंदादिल’ माणसालाच शोभतो, फार तर एखाद्या शहराला किंवा मित्रमंडळाला. ‘जिंदादिल भाषण’ कानाला खटकते. खुशालचेंडूत बेजबाबदारपणाचा ठपका आहे, रंगेलमध्ये शृंगाराचा. जिंदादिल या दोन्हींपासून मुक्त. लहान मुलाला तो लावू नये. त्याच्यासाठी खेळकर, अवखळ, चुणचुणीत आहेतच. कारण या शब्दात एक अट दडलेली आहे: वय, आजारपण, नुकसान असे काहीतरी सोसूनही ज्याची रसरस टिकली, त्यालाच तो पुरेपूर बसतो. नुसत्या बडबड्याला तो मोठा होतो.

मृत्युलेखांनी मात्र त्याची धार बोथट केली. ‘जिंदादिल व्यक्तिमत्त्व हरपले’ हे वाक्य कुणाच्याही नावाखाली खपते. त्याऐवजी तो माणूस नेमके काय करायचा ते एका वाक्यात लिहावे आणि विशेषण त्यानंतर, गरज उरलीच तर, वापरावे.